संगणक सुरू करणेबाबत

बाबांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते आम्हाला कळत नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. बाकीचा पसारा मी माझ्या अकलेनं वाढवून ठेवला.

पांढरकवड्याला तहसीलसमोरच्या निंबाखाली टेबल टाकून बाबांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. रेशनकार्डात नाव चढवायचं आहे, वारसाची नोंद करायची आहे, जातीचा दाखला अडला आहे, जंगलाकडच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, म्हाताऱ्याला वनहक्काचा दावा टाकायचा आहे, सगळे त्यांच्याकडे यायचे. माणूस समोर बसला की बाबा आधी त्याला पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, "विषय काय?" समोरचा अर्धा तास रडायचा, सासऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना शिव्या घालायचा, आणि बाबा त्यातून एक ओळ काढून कागदाच्या माथ्यावर ठेवायचे. विषय, मग दोन उभी टिंबं, मग आडवी रेघ, मग अमुक अमुक करणेबाबत. घरातही तेच. मी लहानपणी भोकाड पसरलं की आई धावायची आणि बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "विषय काय?"

टाइपरायटरची रिबीन मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला. पण बोटं टाइपरायटरचीच राहिली. मराठी टायपिंगच्या परीक्षेला ज्या कळा पाठ केल्या, त्याच कळा, तेच न बघता बडवणं. मी मात्र टायपिंगच्या क्लासला दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी दांडी मारली ती कायमची. आज मी त्याच तहसीलच्या गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. मराठी लिहायचं झालं तर इंग्रजी अक्षरं दाबते आणि मशीन त्याचं मराठी करून देते. बाबांना ते कधीच पटलं नाही. एकदा दुकानात येऊन माझ्या मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे टायपिंग नोहे बाई. हे मशीनले भीक मागनं हाये." मी दोन दिवस अबोला धरला होता.

मग लकवा आला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, "ओळखतात सगळ्यांना. बाकी किती कळतं ते हळूहळू दिसेल." हे हळूहळू आठ महिने चाललं. बाबा तोंड उघडायचे, चार-पाच अक्षरांचा एक ओला आवाज काढायचे, आणि आम्ही अंदाज बांधायचो. पाणी? संडास? पंखा? टीव्ही? आई त्यांच्या कानाशी वाकून विचारायची, "भूक लागली काय?" अशी की पलीकडच्या घरातली बाई खिडकीत यायची. बाबा डोळे मिटून घ्यायचे. आई म्हणायची, "थकले."

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. डाव्या हातात पेन दिलं, तर नुसत्या रेघोट्या. आईनं बाजारातून मुळाक्षरांचा तक्ता आणला, अननसाच्या चित्राचा, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं म्हणून दाखवू लागली. बाबांनी डाव्या हातानं तो तक्ता उलटा करून भिंतीकडे तोंड फिरवलं. तीस वर्षं ज्यानं तालुक्याची अक्षरं लिहिली, त्याला अननसाचा अ. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी माझा मोबाइल दिला. त्यावर बाबांनी एक अक्षर दाबलं की मोबाइल पुढचे तीन शब्द स्वतःच सुचवायचा. मोबाइलची काच मी नंतर बदलून आणली.

असं असताना एका सकाळी बाबांनी डावा हात उचलून कोपऱ्याकडे दाखवला. कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता, आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर खुर्ची तिकडे सरकवल्याशिवाय चहा घेईनात.

"कोनाचा तरी अर्ज राह्यला असंन त्यात," आई म्हणाली. "जीव अडकला हाये यांचा."

मलाही तेच वाटलं. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला आणि त्यावर एकच ओळ आली की सुरू करायला लागणारी फाइल सापडत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, हे भंगारात बी कोणी घेत नाई," आणि डबा उचलायला वाकला. बाबांनी डावा हात डब्यावर ठेवला आणि काढला नाही. "काका, नवीन घ्या, नवीन!" दुरुस्तीवाला त्यांच्या तोंडापाशी जाऊन ओरडला. बाबांनी डोळे मिटले.

म्हणजे डबा हलवायचा नाही, उघडायचा नाही आणि आतलं मात्र बाहेर काढायचं. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की सीडीवरून लिनक्स नावाची दुसरी प्रणाली सुरू करता येते. मशीनचं स्वतःचं डोकं फिरलं असलं तरी बाहेरून दुसरं डोकं लावायचं आणि आतल्या फाइली उचलून आणायच्या. ऐकायला सोपं होतं. फुकट मिळणारी तयार लिनक्सं मी उतरवली आणि एकही त्या मशीनच्या पोटात मावेना. मेमरी दोनशे छप्पन एमबी. आताच्या लिनक्सला नुसतं आंग धुवायला त्याच्या आठपट पाणी लागतं.

एका वेबपानावर लिहिलं होतं की मग स्वतःच बनवा, फक्त लागेल तेवढंच. त्या पानाचा लिहिणारा फार आनंदी माणूस होता. दर दोन ओळींनी 'आता फक्त एवढंच करा' असं म्हणायचा. त्या 'एवढंच'मध्ये माझे दोन महिने गेले.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो बांधायच्या आधी मशीन प्रश्न विचारतं. हे पाहिजे का? ते पाहिजे का? असे हजारो. हजारातल्या नऊशे नव्याण्णव गोष्टी कशाला म्हणतात ते मला माहीत नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी यादी उघडायची आणि नाही, नाही, नाही करत सुटायची. सुरुवातीला घाबरत, नंतर सूड उगवल्यासारखं. आवाज नको, नेटवर्क नको, कॅमेरा नको. घरी आल्यावर आईला सांगितलं की आज मी दोनशे गोष्टी काढून टाकल्या. आई भाकरी थापत होती. ती माहेरी असताना शेतावर दिवस दिवस राहिलेली बाई.

"पिशवी भरताना काय काय नेऊ, ते पाहू नोको," ती म्हणाली. "काय नसलं तं अडते, ते पाय."

मी ऐकलं आणि विसरले. शहाणपणाचं बोलणं घरातल्या माणसाकडून आलं की ते फुकट वाटतं.

गाभ्याबरोबर एक गाठोडं लागतं. सुरू झाल्या झाल्या मेमरीत उलगडणारं, चार आज्ञा आणि एक पहिला कागद असलेलं. हा पहिला कागद वाचून गाभा पुढं काय करायचं ते ठरवतो. हे सगळं एका सीडीवर चढवायचं. आणि कोरी सीडी पांढरकवड्यात मिळेना. दुकानदार माझ्याकडे असे बघत जसं काही मी रॉकेलचा दिवा मागतेय. शेवटी घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी एका फोटो स्टुडिओवाल्याकडे दहा निघाल्या. लग्नाच्या व्हिडिओसाठी आणलेल्या, वर गुलाबाचं चित्र छापलेलं. "आता सगळे पेनड्राइव्हच मागतात," तो म्हणाला, आणि एक सीडी भेट दिली.

पहिली गुलाबाची सीडी मी बाबांच्या समोर लावली. खुर्ची ओढून त्यांना मुद्दाम जवळ बसवलं होतं. मशीननं एक ओळ लिहिली आणि गप्प झालं. हा गाभा नव्या जातीच्या मशीनसाठी आहे, मी जुन्या जातीचं आहे. माझ्या लॅपटॉपवर मी तो लॅपटॉपसारखाच बांधला होता. जो तो आपल्या मापानंच दुसऱ्याचं शिवतो.

दुसरी सीडी चार दिवसांनी. यावेळी ओळींचा धबधबा आला, आई स्वयंपाकघरातून पळत आली, आणि मग सगळं थांबलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की गाभा घाबरला आहे, कारण पहिला कागद त्याला उघडता येत नाही. खरंच, इंग्रजीत तसंच लिहिलेलं असतं, पॅनिक म्हणून. मी बाबांकडे वळून ओरडून सांगितलं, "बाबा, मशीन घाबरली! पहिला कागद उघडत नाई तिले!" बाबांनी डोळे मिटले. मी म्हटलं, थकले. नंतर सापडलं की कागद होता, पण त्याला चालवायची परवानगी दिलेली नव्हती. कागद आहे पण शिक्का नाही. बाबांचं बोलणं शाबूत असतं तर त्यांनी ही चूक एका मिनिटात सांगितली असती.

तिसऱ्या सीडीला मशीन पूर्ण सुरू झालं. काळा पडदा, कोपऱ्यात एक छोटं चिन्ह आणि त्याच्या पुढं लुकलुकणारी रेघ, म्हणजे आता हुकूम द्या. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि काहीच उमटेना. दाबलं, बडवलं, वायर काढून घातली. त्या कीबोर्डची पिन गोल होती, पूर्वीची. मी यादीत चपट्या पिनेचा कीबोर्ड ठेवला होता आणि गोल पिनेचा काढून टाकला होता, कारण असली पिन आता कोणाकडे असते? माझ्या घरात होती. रोज तिच्यावरची धूळ मी पुसत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. काय नसलं तर अडतं, आईनं सांगितलेलंच होतं.

चौथ्या सीडीला कीबोर्ड जिवंत झाला. आता मशीनच्या आतली हार्ड डिस्क मात्र दिसेना. मी कपाळाला हात लावून, हे आता कोणत्या प्रश्नाला नाही म्हणाल्यामुळं झालं असेल, याचा विचार करत बसले होते. तेवढ्यात बाबांनी डावा हात लांब करून कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एक बोट वापरून, सावकाश, कळा दाबल्या. आय, झेड, एफ, आर, आणि शेवटी एक चौकोनी कंस. मग एंटर.

मशीननं उत्तर दिलं, असं काही सापडलं नाही.

आयझेडएफआर. मी ते मोठ्यानं वाचलं. हा इंग्रजी शब्द नाही, मराठी नाही, कोणाचं नाव नाही. मला वाटलं कीबोर्डच्या कळा उलटसुलट झाल्यात. मी ए दाबलं तर ए येत होतं. मग वाटलं, नुसतंच बोट पडलं असेल. मशीन बंद करून चालू केलं. बाबांनी पुन्हा हात लांब केला. पुन्हा आय, झेड, एफ, आर, कंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दाबून झालं की माझ्याकडे बघायचे, असे की आता तरी समजलं असेल.

मला काही समजत नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला. त्यांचा फोन आला. ते म्हणाले की या आजारात कधी कधी लिहिणंही निरर्थक होतं, माणसाला वाटतं आपण बरोबर लिहितोय, एकदा घेऊन या. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन रडले. जीभ गेली ते मी सोसलं होतं, कारण मला वाटायचं आत बाबा जसेच्या तसे बसलेले आहेत, फक्त दार अडकलंय. आत कोणी नसलं तर मी दार कशाला उघडत होते?

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही लाज वाटते. मी बाबांशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलू लागले. आवाज आणखी चढवला, शब्द तोडून तोडून. "बा-बा. घास. घ्या." ते माझ्याकडे बघायचे आणि घास घ्यायचे.

डॉक्टर काय म्हणाले ते मी आईला सांगितलं. आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "दररोज तेच लिहून राह्यले ना?"

"हो. तीच चार अक्षरं."

"मंग येडे कसे? येडं मानूस रोज नवं बोलते. हे तं तेच बोलून राह्यले. तू मधातच बंद करतं मशीन. लिहू दे ना एक डाव पुरं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चौथीच सीडी लावली, कीबोर्ड बाबांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला आणि बाजूला झाले. बाबांनी पहिली ओळ तीच लिहिली. मशीन म्हणालं, सापडलं नाही. बाबांनी दुसरी ओळ लिहिली. मशीन म्हणालं, सापडलं नाही. अगदी कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसासारखं. बाबांना त्याची सवय असावी. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. तिसऱ्या ओळीनंतर मात्र मशीननं उत्तर देणंच सोडलं आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नुसती एक टोकदार खूण दाखवू लागलं. मला वाटलं अडकलं. बाबा थांबले नाहीत. पाऊण तास ते एका बोटानं लिहीत होते. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, तिरप्या रेघा, कंस, वाचता येईल असा एक शब्द नाही. कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि खुर्चीला टेकले. इतकं शांत तोंड मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं.

मी फोटो काढला. आईनं पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "काय लिहिलं?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. पण डॉक्टरांना हा फोटो मी पाठवला नाही.

पाचवी सीडी मी का बनवली ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाबांचं डोकं जात असेल तर निदान त्यांचं काम तरी वाचावं, असं काहीतरी मनात होतं. हार्ड डिस्कचा प्रश्न यादीत सापडला, त्याला हो म्हटलं, गाभा पुन्हा बांधला. एका दुपारी बाबा झोपलेले असताना मी सीडी लावली आणि हार्ड डिस्क दिसली. आत बाबांचे सगळे अर्ज होते, शेकड्यानं, तालुक्यातल्या गावांच्या नावाखाली लावलेले. बाबांची टापटीप बघून मला भरून आलं. मी एक फाइल उघडायचा हुकूम दिला.

पडद्यावर कचरा आला. चौकोन, ठिपके, इंग्रजी अक्षरांचा भुगा. झालं, म्हटलं, हेही गेलं. दुसरी उघडली, तसाच भुगा. तिसरी. मग माझा हात थांबला. तिन्ही फाइलींमध्ये, कचरा संपून अक्षरं सुरू होत होती तिथं, पहिल्याच ओळीत, आय, झेड, एफ, आर, चौकोनी कंस.

मी चौथी फाइल उघडली. पाचवी. दहा उघडल्या. सगळ्यांची सुरुवात तीच. आणि मग मला कळलं, आणि कळल्यावर मी स्वतःवर इतकी चिडले की खुर्चीवरून उठून उभी राहिले. प्रत्येक अर्जाची सुरुवात एकाच शब्दानं होते. जगातला कुठलाही अर्ज घ्या. प्रति, आणि स्वल्पविराम.

बाबांची बोटं टायपिंगच्या जुन्या कळांवर चालत होती. ज्या कळेवर इंग्रजी आय छापलाय, तिथं त्यांचा प असतो, आणि चौकोनी कंसाच्या जागी स्वल्पविराम. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो जुना मराठी फॉन्ट असला की तीच अक्षरं मराठी दिसतात. मी लागेल तेवढंच ठेवायच्या नादात बांधलेल्या लिनक्समध्ये फॉन्ट नव्हताच. मराठीच नव्हती. बाबा पहिल्या दिवसापासून शुद्ध मराठी लिहीत होते आणि मी डॉक्टरांना फोटो पाठवत होते. मी तिसऱ्या दिवशी क्लासला दांडी मारली नसती, तर हा भुगा मी उभ्या उभ्या वाचला असता.

दुकानात तो फॉन्ट आहे, कारण जुन्या फाइली घेऊन लोक येतात. मी दुकान उघडलं, मोबाइलवरचा फोटो समोर ठेवला आणि बाबांनी लिहिलेलं एकेक अक्षर, एकेक कंस तसाच उतरवून काढला. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला उद्या यायला सांगितलं. मग सगळं निवडून फॉन्ट बदलला.

प्रति,
मुलीस,
विषय :- मोठ्याने न बोलणेबाबत.
अर्जदार सविनय अर्ज सादर करतो की, अर्जदाराची जीभ गेली आहे. कान गेले नाहीत. आठ महिने घरातील व येणारे-जाणारे सर्व जण अर्जदाराशी ओरडून बोलतात. त्यामुळे अर्जदार आपल्याच घरात परका झाला आहे. तरी सर्वांनी पूर्वीप्रमाणे बोलावे, ही विनंती.
अर्जदार

दोन ठिकाणी सुटलेला काना मी वर घातला आहे, बाकी चूक नव्हती.

मी त्याची एक प्रत छापली आणि घरी गेले. बाबा उठले होते, आणि आईनं त्यांना मांडीवर पाट-कीबोर्ड देऊन मशीनसमोर बसवलं होतं. आई त्यांच्या कानाशी वाकून विचारत होती, "चहा घेता काय?" आणि बाबांनी डोळे मिटलेले होते. थकवा नव्हता तो. आठ महिने ते आवाजापासून डोळे मिटत होते आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"आई," मी म्हटलं, "हळू." आणि तिला कागद वाचून दाखवला, नेहमीच्या आवाजात, तिथंच, बाबांच्या समोर. मी विषयाच्या ओळीवर आले तेव्हा बाबांनी डोळे उघडले. आईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. मग इतक्या हळू की मलाच पुढं वाकावं लागलं, ती त्यांना म्हणाली, "मंग आधी सांगाव नाई काय?"

बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते.

"अर्ज मंजूर," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. 'हो' म्हणून नव्हे, 'नाही' म्हणून. मला क्षणभर काही कळेना, आता काय चुकलं? त्यांनी डाव्या हातानं पाटावरचा कीबोर्ड माझ्याकडे ढकलला. तेव्हा आठवलं. निंबाखाली येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगायचे की साहेबाच्या तोंडच्या मंजुरीले काही अर्थ नसते, लेखी घेजो.

मशीन सुरूच होतं. पडदा काळा, रेघ लुकलुकत होती. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि मला एकही कळ माहीत नव्हती. म कुठे असतो? बाबांनी माझं पहिलं बोट धरलं आणि ई वर नेऊन ठेवलं. मी दाबलं. मग ए वर, तो अनुस्वार. मग टी, मग डब्ल्यू, मग जे. त्यांचा हात गरम होता आणि त्याला कळ शोधावी लागत नव्हती. मंजूर. मी एंटर दाबलं आणि मशीननं सवयीप्रमाणे सांगितलं, असं काही सापडलं नाही.

बाबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. डावं बोट वर उचललं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. आय, झेड, एफ, आर, कंस. आता ते मला वाचता येत होतं. आठ महिन्यांचं तुंबलेलं होतं, एका अर्जात थोडंच संपणार?

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "विषय काय?"